शेवंताबाईची संथ चाल

शेवंताबाईचा आवाज बाईमाणसाला शोभणारा नाही, असं तिच्या सासरी सगळ्यांचं मत होतं. जाड, खालच्या पट्टीतला, आणि हळू बोलली तरी चार घरं पलीकडे ऐकू जाणारा. ती धुळ्याकडची, पांझरेच्या काठच्या खेड्यातली. दिली होती बोदवडजवळच्या करंजखेड्यात. तिकडची बोली वेगळी, इकडची वेगळी. ती 'शे' म्हणायची, सासरचे 'हाये' म्हणायचे. ती सगळ्याला 'बठ्ठा' म्हणाली की विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. दुसरी एखादी असती तर वर्षभरात सासरचं बोलणं उचलून मोकळी झाली असती. शेवंतानं उचललं नाही. "माले जे येस ते मी बोलस," ती म्हणायची. "तुमले समजस ना? मंग व्हई गयं."

नवरा कौतिक तिच्या उलट. बोलायला कमी, पण जनावरांत रमणारा. दुसऱ्याच्या गोठ्यातला अडलेला बैलसुद्धा त्याच्या हाताखाली गुमान उभा राहायचा. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच बोदवडच्या बाजारात पलटणीची भरती सुरू झाली. खच्चरं सांभाळायला माणसं हवीत असं कोणी तरी सांगितलं, आणि कौतिक अंगठा उठवूनच घरी आला. थोरला भाऊ चुडामण, ज्याला सगळं गाव नाना म्हणायचं, तो दोन दिवस जेवला नाही. शेवंतानं एवढंच विचारलं, "खच्चर चावस का हो?" कौतिक म्हणाला, "लाथ मारते." "मंग मांगे उभं राहू नका," ती म्हणाली, आणि त्याच्या वळकटीत तिळाचे लाडू बांधून दिले.

तो गेला, आणि पाच-सहा वर्षं गेलाच. त्या वर्षांत शेवंतानं कापूस वेचला, निंदणी केली, आणि एका हंगामात गडी आजारी पडला तेव्हा पदर खोचून वखरावरही उभी राहिली. नानाला ते आवडलं नाही. पण पेर वेळेवर झाली, म्हणून तो काही बोलला नाही. जाऊ मंदाबाई मात्र तिच्या बाजूनं असायची. दोघींचं जात्यावर जमायचं. मंदाबाईला ओव्या पाठ, शेवंताला चाल पक्की.

लढाई संपल्यावरही पलटण लगेच परतली नाही. सत्तेचाळीसच्या होळीच्या आधी कौतिक स्टेशनावर उतरला तेव्हा त्याला आधी कोणी ओळखलंच नाही. काळा पडला होता, गाल आत गेले होते. पण हातपाय शाबूत होते. गाव लोटलं. ब्रह्मदेश कसा असतो, जपानी कसा दिसतो, तू किती मारले, असं जो तो विचारू लागला. कौतिक नुसता हसायचा. शेवटी पारावर कोणी तरी डफ आणून त्याच्या हातात दिला आणि म्हणालं, सांगत नाहीस तर गाऊन दाखव. कौतिकनं डफ शेकून घेतला, बोटांनी दोनदा वाजवून पाहिला, आणि म्हणाला, "हे पलटनीतलं गानं हाये." मग भरभर, नाचऱ्या चालीवर त्यानं सुरू केलं:

चाल वं रतने, टेकडी चढू,
सायबाची टोपी खाल्ली, नको आता रडू;
पाठीवर पेटी, पेटीत हाये दारू,
कुठी जानं आपल्याले, कशाले इचारू?
तुले नाही ठाऊक, मी कशाले सांगू.

रतनी म्हणजे खच्चर. 'पेटीत हाये दारू' म्हटल्यावर पारावरचे पुरुष जे फुटले ते आवरेनात. कोणी खच्चरासारखं खिंकाळलं. तेव्हापासून कौतिकला बोलावणी सुरू झाली. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोळ्याला, लग्नाच्या मांडवात, बोदवडच्या बाजारात. त्याच्याजवळ अशी पाच-सहा गाणी होती. एक पायातल्या बुटांचं, एक भातातल्या किड्यांचं. लोकांना सगळ्यांत आवडायचं ते हवालदाराचं:

चौघं गेले नदीले, पानी व्हतं गार,
तिघं आले काठावर, मोजे हवालदार;
एक दोन तीन म्हने, चौथा कुठी गेला?
गिनती चुकली गड्याहो, पुन्हा मोजा चला.

हे गाताना कौतिक उभा राहून हवालदार व्हायचा. बोटं मोजायचा, समोरच्या माणसांच्या टोप्या मोजायचा, स्वतःलाच मोजायचा, मग डोकं खाजवून पुन्हा पहिल्यापासून. 'पुन्हा मोजा चला' ही ओळ सगळं गाव त्याच्याबरोबर म्हणायचं. पोरं एकमेकांना चिडवताना तेच म्हणू लागली. इतक्या लांबून आलेल्या माणसानं इतकं हसवावं, याचं गावाला अप्रूप वाटायचं.

शेवंता बायकांच्या बाजूला बसून ऐकायची. तीही हसायची. पण घरात कौतिक कधी गुणगुणतसुद्धा नाही, हे तिनं पहिल्याच पावसाळ्यात हेरलं होतं. आणि एकदा सगळे मिळून तापीवर गेले, तेव्हा बाकीचे पाण्यात उतरले आणि कौतिक कपड्यांची गाठोडी सांभाळत काठावरच बसून राहिला, हेही तिनं पाहिलं होतं. तिनं विचारलं नाही. आपला माणूस सांगेल तेव्हा सांगेल, असं तिचं गणित होतं.

आणखी एक बाई हे सगळं ऐकायला यायची. शेजारच्या आमखेड्याची बेबाबाई. कार्यक्रम कुठंही असो, ती चालत यायची आणि बायकांत सगळ्यांच्या पुढं बसायची. तिचा एकुलता एक मुलगा लोटन कौतिकच्याच तुकडीत होता. तो परत आला नाही. लढाईत गेला, एवढीच सरकारी तार आली होती. आमखेड्याचे लोक सांगायचे की त्यानं मरता मरता दहा-बारा शत्रू लोळवले. कौतिक परत आल्यावर बेबाबाई पहिल्याच आठवड्यात भेटायला आली होती, तेव्हा तो तिला म्हणाला होता, "मी जवळ नव्हतो, अक्का." ती बरं म्हणाली आणि गूळपाणी घेऊन गेली. पुढं तिनं कधी विषय काढला नाही. पण गाणं असलं की हजर. हवालदाराच्या गाण्याला ती बाकीच्यांबरोबर हसायचीही.

असं दोन वर्षं चाललं. एकोणपन्नासच्या दिवाळीआधी एका दुपारी शेवंता आणि मंदाबाई कळण्याचं पीठ दळत बसल्या होत्या. ज्वारीत उडीद असला की जातं जड चालतं. हात दुखायला लागले तशी मंदाबाई म्हणाली, "म्हन वं काही तरी. नेहमीच्या ओव्यांचा कंटाळा आला." शेवंताच्या तोंडात आलं ते हवालदाराचं गाणं. पण जात्याला नाचरी चाल कुठं जमते? जातं फिरेल तशी ओळ फिरणार. तिनं आपल्या जाड आवाजात, एका फेऱ्याला दोन शब्द, असं ओढत सुरू केलं. चौघं गेले. नदीले. पानी व्हतं. गार.

मंदाबाई आधी हसली. नवऱ्याचं गाणं बायको जात्यावर म्हणतेय, त्याची गंमत वाटली तिला. 'तिघं आले काठावर' झालं आणि तिचं हसू थांबलं. 'चौथा कुठी गेला' आलं तेव्हा तिनं खुंट्यावरचा हात काढला. जातं थांबलं.

"शेवंता," ती म्हणाली, "हे तेच गानं हाये का?"

"तेच शे."

"मंग आपुन हसत काहून व्हतो?"

शेवंतानं मान वर केली, तर दारात कौतिक उभा होता. डोक्यावर कडब्याची पेंढी तशीच. ती त्यानं खाली टाकली नाही, सांभाळून उतरवली, भिंतीला टेकवली, आणि उंबऱ्यावर बसला.

"असं नको म्हनू," तो म्हणाला.

"मी काहीच बदलं नही," शेवंता म्हणाली. "शब्द तुमनाच शेतस."

"शब्द तेच हायेत. म्हनूनच म्हनतो, असं नको म्हनू."

तो उठून गोठ्याकडे गेला. त्या दिवशी आणि पुढंही काही दिवस तो घरात मोजकंच बोलला. दिवाळी झाली. एका लग्नाचं बोलावणं आलं, तिथं त्यानं सगळी गाणी म्हटली, फक्त हवालदाराचं म्हटलं नाही. लोकांनी ओरडून मागितलं तरी म्हटलं नाही. घसा बसला म्हणाला.

कापसाची वेचणी सुरू होती. शेवंता आणि कौतिक एकाच ओळीत वेचत होते, ती या बाजूनं, तो त्या बाजूनं. बोंडं काढता काढता कौतिकनं, मान वर न करता, बोलायला सुरुवात केली.

"चौथा लोटन व्हता."

शेवंताचा हात थांबला. मग तिनं तो पुन्हा चालू केला, कारण थांबलं तर हाही थांबेल असं तिला वाटलं.

त्यानं सांगितलं ते असं. रतनी हे खच्चर लोटनचं होतं. ते लोक डोंगरातून चालले होते, आणि खच्चर ओरडलं तर शत्रूला पत्ता लागेल म्हणून खच्चरांचे घसे डॉक्टरनं कापून त्यांना मुकं केलं होतं. रतनी तोंड उघडायची, पण आवाज यायचा नाही. लोटनला ते फार लागलं होतं. तो तिच्याशी दुप्पट बोलायचा, तिच्या वाटचंही आपणच बोलायचा. 'चाल वं रतने' हे गाणं त्याचंच. दारू म्हणजे पेटीतली बंदुकीची दारू, ती वाहत डोंगर चढताना त्यानं हळू आवाजात तिच्या कानाशी रचलेलं. एके सकाळी धुक्यात नदी ओलांडायची होती. कोणी आवाज करायचा नाही, असा हुकूम होता. चौघे आपापली खच्चरं घेऊन उतरले. मधल्या धारेत रतनीचा पाय घसरला. तिचा दोर लोटननं मनगटाला गुंडाळलेला होता.

"रतनीले घसा असता तर ती वरडली असती, आन् आमी मांगे पाह्यलं असतं," कौतिक म्हणाला. "ती मुकी व्हती."

"आनि लोटन?"

"त्याले घसा व्हता. पन हुकूम व्हता."

ओळ संपली. दोघं पुढच्या ओळीला लागले.

"आनि तो हवालदार?" शेवंतानं विचारलं.

"हवालदार चांगला मानूस व्हता. पंजाबकडचा. काठावर आमाले मोजत राह्यला. आमी सांगू, तीनच हाओत, तरी मोजे. त्याच्या डोळ्यातून पानी वाहे आन् बोटं मोजत राहे. त्याच सांजीले मी ते गानं केलं. सगळे हसले. हवालदारही हसला. नाही हसलो असतो ना, तर दुसऱ्या दिवशी दुसरी नदी व्हती, तिच्यात आमी उतरलोच नसतो."

शेवंता बराच वेळ वेचत राहिली. ओटी भरली, ती तिनं गाठोड्यात रिकामी केली आणि परत आली.

"बेबाक्काले सांगनं पडी," ती म्हणाली.

"ती इचारत नाही."

"दर येले पुढे यीसन बसस ती. आजून कसं इचारी?"

कौतिकनं ओटीतला कापूस दाबून बसवला. तो म्हणाला, "मले सांगता येनार नाही. आतापर्यंत कोनाले सांगितलं नाही. तुले सांगितलं ते बी कापसाकडे पाहून. माहं सगळं त्या गान्यातच हाये. दुसरे शब्दच नाहीत माह्याजवळ."

"मंग गानंच म्हनू," शेवंता म्हणाली. "मी म्हनसू. तुमी फक्त बसा."

नानाला यातलं काही सांगायचं कारण नव्हतं. वेचणीतून एक दिवस मोकळा काढून दोघं आमखेड्याला गेली. बेबाबाई अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घालत होती. तिनं दोघांना पाहिलं, हात धुतले, सतरंजी टाकली आणि मिरच्यांचं सूप ओढून तीही समोर बसली. पाणी दिलं. कापूस कसा आहे विचारलं. कौतिकनं डफ आणला नव्हता, हे तिच्या नजरेनं टिपलं.

शेवंता म्हणाली, "अक्का, एक गानं म्हनसू. तुमनं आयकेल शे. पन माले येस तसं म्हनसू."

आणि तिनं म्हटलं. जातं नव्हतं, तरी जात्याच्या गतीनं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, शेजारी कोणाचं तरी लाकूड फोडणं चाललं होतं. बेबाबाई पहिल्या ओळीला मिरचीचा देठ मोडत होती. तिसऱ्या ओळीला तिनं मिरची खाली ठेवली. गाणं संपलं. मग तिनं शेवंताकडे नाही, कौतिककडे पाहिलं.

"चौथा माहा का?"

कौतिकनं मान डोलावली.

"गोळी नाही लागली त्याले?"

"नाही, अक्का. पानी."

"हाक मारली व्हती का त्यानं?"

हाच प्रश्न कौतिकनं दोन वर्षं टाळला होता. "नाही," तो म्हणाला. "मारायची नाही असा हुकूम व्हता."

बेबाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "लहानपनी दर घडीले हाका मारे," ती म्हणाली. "पाटावर बसला तरी हाक, काटा रुतला तरी हाक." मग जरा थांबून म्हणाली, "ते रतनीचं गानं तुहं नाही, हे मले पह्यल्याच दिवशी कळलं व्हतं."

कौतिक चपापला. "मी माहं हाये असं कधी म्हटलं नाही, अक्का."

"नाही म्हटलं. पन 'तुले नाही ठाऊक, मी कशाले सांगू' हे माहं बोलनं हाये. त्याचा बाप घर सोडून गेला तवा लोटन इचारे, बाबा कुठी गेला, आन् मी त्याले हेच म्हनू. ते पारावर आयकलं आन् मले वाटलं, माहा पोरगाच बोलला. म्हनून येऊन बसू मी. तुह्या तोंडून तो बोले, तेवढं आयकू आन् घरी जाऊ. नदीचं मले ठाऊक नव्हतं. त्या गान्याले मी बी हसत व्हते."

शेवंता तिच्याजवळ सरकली आणि सुपातल्या मिरच्यांचे देठ मोडू लागली. कौतिक सतरंजीच्या दशा चाळवत होता. मग बेबाबाईच उठली, चुलीशी गेली, भाकरी टाकायला घेतली. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं बजावलं. जेवताना तिनं बारीकसारीक विचारलं. रतनीचा रंग कोणता होता. लोटन जेवायचा का पोटभर. शेवटच्या सकाळी त्यानं काय खाल्लं होतं. कौतिक सांगत गेला, त्या सांजेला हवालदारासकट सगळे कसे हसले तेही. गाणं होऊन गेल्यावर त्याला शब्द सापडत होते, आणि त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

निघताना बेबाबाई म्हणाली, "गान्यात त्याचं नाव टाक. लोकं म्हनतात, त्यानं दहा मारले. मले दहा नको. मले तो पाह्यजे."

"मंग लोकं हसनार नाहीत, अक्का."

"हसू दे ना आधी. तुमी बी हसलेच व्हते की. तो हवालदार मोजे तवर हसू दे. मंग शेवंता म्हनंल, तसं म्हना."

वाटेत गावाच्या शिवेपर्यंत येता येता कौतिकनं चार ओळी जुळवल्या होत्या. शेवंतानं त्या ऐकल्या, एक शब्द बदलायला लावला, आणि घरी येऊन मंदाबाईबरोबर जात्यावर म्हणून पाहिल्या:

चौथा व्हता लोटन, बेबाबाईचा पोर,
मनगटाले गुतला रतनीचा दोर;
मुकी व्हती रतनी, हाक कोन मारे?
पानी गेलं निघून, मोजत राह्यले सारे.

पुढच्या आखाजीला माहेरवाशिणी आल्या होत्या, झोके बांधले होते, घरोघर मांडे आणि आमरस झाला होता. सांजेला पारावर कौतिकचं गाणं ठरलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी नानाला कळलं की शेवंता गाणार आहे. तो ओसरीवर आला.

"घरात म्हन, जात्यावर म्हन, माहं काही म्हननं नाही," तो म्हणाला. "पन पारावर, चार मानसांत, आपल्या घरची बाई?"

"नाना, मी पारवर चढनार नही," शेवंता म्हणाली. "बायकासमा बसस तठेच बससू. आवाज देवानी मोठा देयेल शे, तो तठून बी जाई. तुमी म्हनाल तर तोंडवर पदर लिसू. पन म्हनसू."

नानानं भावाकडे पाहिलं. कौतिक बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. तो म्हणाला, "नाना, ती नाही म्हटली तर मी बी नाही म्हननार." नाना निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी पारावर आला, आणि मागं उभा राहिला.

कौतिकनं डफावर नेहमीसारखी सुरुवात केली. हवालदार झाला, टोप्या मोजल्या, स्वतःला मोजलं. लोक पोट धरून हसले, 'पुन्हा मोजा चला' सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं. मग कौतिकनं डफ खाली ठेवला आणि बसला. बायकांच्या बाजूनं शेवंताचा आवाज आला. सुरुवातीला कोणी तरी हसलंच, त्यांना वाटलं हीही नक्कल आहे. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळे गप्प झाले होते. लोटनचं नाव आलं तेव्हा बायका वळून बेबाबाईकडे पाहू लागल्या. ती नेहमीच्या जागी, पुढं, ताठ बसली होती.

गाणं झाल्यावर वरणगावहून पाहुणा आलेला पुना नावाचा एक माणूस उठून उभा राहिला. तोही पलटणीतला, पण दुसऱ्या आघाडीवरचा, पार इटलीकडे गेलेला. एका पायानं लंगडायचा. तो म्हणाला, "आमच्याकडं नदी नव्हती, बर्फाचा डोंगर व्हता. बाकी हेच." आणि पुन्हा बसला. त्याच्या बायकोनं नंतर शेवंताला सांगितलं की, परत आल्यापासून त्या बर्फाबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिलाच शब्द.

त्यानंतर बोलावणी वाढली, आणि दोघांना येऊ लागली. आधी कौतिकची चाल, मग शेवंताची. बुटांचं गाणं, किड्यांचं गाणं, रतनीचं गाणं, सगळी शेवंतानं संथ करून पाहिली. काही तशीच राहिली, कारण त्यांत खरोखर गंमतच होती. काही उलटली. रतनीच्या गाण्यातल्या दारूवर लोक आधी हसायचे, आणि शेवंतानं तीच ओळ ओढून म्हटली की त्यांना कळायचं, ही पिण्याची दारू नव्हे. परत आलेले शिपाई आसपासच्या गावांत बरेच होते. कोणी भुसावळला रेल्वेत लागलेलं, कोणी नव्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, कोणी शेतीवर. त्यांतले काही जण गाणं ऐकून झाल्यावर मागं थांबायचे. कोणी काही सांगायचं, कोणी नुसतं बसायचं. शेवंता सगळ्यांना चहा करून द्यायची. पुढं पुढं मंदाबाई तिला म्हणायची की आपली ओसरी म्हणजे पलटणीचा तळ झालीय.

चोपन्न साली भुसावळला माजी सैनिकांचा मेळावा भरला. व्यवस्था पाहणारे गृहस्थ रेल्वेतले हेडक्लार्क होते, भले माणूस. त्यांनी दोघांना आदल्या दिवशी बोलावून गाणं ऐकलं. ऐकून झाल्यावर चष्मा पुसला. मग म्हणाले, "गाणं फार छान आहे. पण बाई, यात शत्रू कुठेच येत नाही. तुमच्या आधी भाषणं आहेत, वीररसाचा कार्यक्रम आहे. दोन ओळी शत्रूच्या घातल्या तर?"

कौतिक भिडस्त माणूस. तो 'पाहतो' म्हणायच्या बेतात होता. शेवंतानं त्याच्याकडे पाहिलं आणि तीच बोलली.

"यास्नी शत्रू देखाच नही," ती म्हणाली. "नदी देखी. जे देखं ते गानामा शे. तुमले शत्रू पाहिजे तर दुसरा गानारा बलावा, आमले राग येनार नही."

हेडक्लार्कांनी कार्यक्रमाचा कागद पुढं ओढला. "तसं असेल तर शेवटी ठेवतो," ते म्हणाले. "सगळ्यांच्या नंतर. म्हणजे तुमच्या मागून कोणाला काही बोलावं लागणार नाही." आणि त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी, मांडवात तीन-चारशे माणसं बसलेली असताना, शेवंता पहिल्यांदा ओट्यावर चढून गायली. तोंडावर पदर घेतला नव्हता. नानाही आला होता, नवं धोतर नेसून. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "माइक नसता तरी चाललं असतं." त्याच्याकडून आलेली तेवढीच शाबासकी.

बेबाबाई सत्तावन्नच्या उन्हाळ्यात गेली. शेवटचे काही महिने शेवंतानं तिला करंजखेड्यातच आणून ठेवलं होतं.

साठ साली शेवंताच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. ती एकटीच माहेरी गेली. कौतिक कापसाची लागवड सोडून येऊ शकत नव्हता. मांडवाच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात बायका हळद दळत होत्या. शेवंता ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. जात्यावरची ओवी तिच्या कानावर आली आणि तिचा हात सुपातच राहिला. चाल तिची होती. संथ, एका फेऱ्याला दोन शब्द. बोली मात्र माहेरची झाली होती, आणि नाव दुसरंच होतं:

चौथा व्हता झिपरू, कमलना भाऊ,
मोजा मोजा म्हनतस, कोठे धुंडाले जाऊ?

ती उठून अंगणात गेली. जात्यावर कमलबाई होती, गावातलीच, शेवंतापेक्षा लहान. शेवंतानं विचारलं, "हाई गानं कोठलं वं?"

"आमनंच शे," कमलबाई म्हणाली. "बठ्ठ्या म्हनतस आठे."

"झिपरू म्हंजे?"

"मना भाऊ. पलटनमा व्हता. मिसरकडे गया तो उनाच नही."

"नदीमा गया का?"

"नही वं. तठे नदी कसानी? बठ्ठी वाळू. पानी पानी करत गया म्हने." कमलबाईनं जात्यात हळकुंडाची मूठ टाकली. "गानामा नदी व्हती, ती आम्हीन तशीच ठेवी. तठे पानी भेटनं नही, गानामा तरी भेटू दे त्याले."

शेवंतानं हे गाणं कोणाचं, कुठून आलं, यातलं काही सांगितलं नाही. ती पदर खोचून कमलबाईच्या समोर बसली, खुंट्याला हात लावला, आणि तिच्याबरोबर म्हणू लागली. झिपरूचं नाव आलं तेव्हा झिपरूचंच म्हटलं. तिचा आवाज मिसळला तशी मांडवातली माणसं अंगणाकडे पाहू लागली.

लग्न आटोपून ती परत आली तेव्हा कौतिक बोदवड स्टेशनावर बैलगाडी घेऊन उभा होता. गाठोडं गाडीत ठेवून त्यानं लग्नाचं विचारलं. ते सांगून झाल्यावर तिनं हळदीच्या जात्याचं सांगितलं. कौतिकनं कासरा हातात घेतला, पण बैल हाकले नाहीत.

"झिपरू," तो म्हणाला. त्यानं बोटांनी गाडीच्या दांडीवर ताल धरून पाहिला. "चालीत बसतं का ते?"

"बसाडं त्यास्नी," शेवंता म्हणाली. "गाडी हाका आते, ऊन वाढी राह्यनं."